त्या दिवशी विवाह झाला होता का?



कॅथलिक चर्चचा विवाह कायदा हा आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला दोन प्रकारची माणसे भेटली. पहिली म्हणाली, कॅथलिकांत घटस्फोट नसतोच, मग तासभर बोलणार काय? दुसरी म्हणाली, ओळखीच्या फादरांना सांगितले की सगळे होते, मग तासभर बोलणार काय? नाशिकमध्ये दोन्ही समजुती सारख्याच जोरात आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. मी वकील आहे, कॅथलिक नाही. त्यामुळे श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही, कायद्याबद्दल बोलेन. आणि हा कायदा आपल्या शहरातल्या माणसांना कुठे अडवतो, कुठे सोडवतो, तेवढेच सांगेन.

समजा, पंचवटीतली एक हिंदू तरुणी आहे. रीतसर कन्यादान, सप्तपदी होऊन तिचे लग्न झाले. काही वर्षांनी परस्परसंमतीने घटस्फोट झाला, हुकूमनामा हातात आहे. पुढे नाशिकरोडच्या एका अविवाहित कॅथलिक तरुणाशी तिचे जुळले. मुलाच्या घरच्यांना लग्न चर्चमध्येच हवे. दोघे फादरांकडे जातात. फादर मुलाचा स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, दाखला पाहतात आणि मुलीला विचारतात, आधी लग्न झाले होते का? ती हुकूमनामा पुढे करते. फादर तो नीट वाचतात आणि सांगतात, सरकारच्या लेखी तुम्ही मोकळ्या आहात, चर्चच्या लेखी तुम्ही अजून विवाहित आहात.

मुलगी चक्रावते. मी कॅथलिक नाही, माझा पहिला नवरा कॅथलिक नव्हता, आमचे लग्न चर्चमध्ये झाले नव्हते, मग चर्चचा संबंध येतो कुठे? प्रश्न अगदी रास्त आहे. चर्चचे उत्तर असे, की विवाह ही गोष्ट चर्चने निर्माण केलेली नाही. लग्न करायला मोकळ्या असलेल्या एका पुरुषाने आणि एका स्त्रीने आपापल्या समाजाच्या रीतीने एकमेकांना आयुष्यभरासाठी स्वीकारले, की विवाह होतो. तो मांडवात झाला काय किंवा मशिदीत झाला काय. उलट सिद्ध होईपर्यंत तो वैध मानायचा आणि वैध असेल तर जिल्हा न्यायाधीशाला तो मोडण्याचा अधिकार नाही. सप्तपदीचा इतका मान राखणारा दुसरा कायदा मला माहीत नाही. आमचा स्वतःचा हिंदू विवाह कायदा १९५५ पासून ती मोडायला परवानगी देतो.

या उदाहरणात सगळ्या विषयाची किल्ली आहे. दिवाणी न्यायालय विचारते, लग्नानंतर काय घडले? नवरा मारतो का, सोडून गेला का, दुसरीकडे राहतो का, किती वर्षे वेगळे राहता? चर्चचे न्यायालय लग्नानंतरच्या वर्षांकडे पाहते ते फक्त पुरावा म्हणून. त्याचा प्रश्न एकच असतो. त्या दिवशी, त्या घटकेला, विवाह झाला होता का? झाला असेल तर पुढे कितीही वाईट घडले तरी तो आहे. झालाच नसेल तर पंचवीस वर्षांचा सुखी संसारसुद्धा त्याला विवाह बनवत नाही. म्हणून चर्च घटस्फोट देत नाही. विवाह मुळातच नव्हता असा निर्णय देते. पुष्कळांना ही शब्दांची कसरत वाटते. मलाही पूर्वी वाटत असे. पण या प्रश्नाचा पाठपुरावा केला की तो आपल्या समाजाच्या वर्मावर जाऊन बसतो.

कारण विवाह कशाने होतो, याचे कॅनन कायद्याचे, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचे, उत्तर आहे संमतीने. सध्याची कॅनन संहिता १९८३ ची आहे. तिचे १०५७ वे कलम सांगते की दोघांची संमती विवाह घडवते आणि तिची जागा कोणतीही मानवी सत्ता भरून काढू शकत नाही. बाप, भाऊ, मामा, पंच, फादर, खुद्द पोप, कोणीही नाही. कॅथलिक विवाहात विवाह संस्कार फादर देत नाहीत. वधू-वर तो एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने दोघांची संमती विचारतात आणि स्वीकारतात.

आता हे वाक्य घेऊन महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांकडे पाहा. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी आपली बायको रखमाबाई हिने नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते आणि त्या कधी नांदायला गेल्या नव्हत्या. अजाण वयात माझ्या संमतीविना झालेले लग्न माझ्यावर बंधनकारक कसे, असा त्यांचा मुद्दा होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत तेव्हा जो गदारोळ झाला तो धर्मावरून झाला. रखमाबाईंचा प्रश्न मात्र संमतीचा होता. रोमच्या कायदेपंडितांना तो प्रश्न ओळखीचा वाटला असता, कारण त्यांच्याकडे त्यावर कित्येक शतके वाद चालू होते. याचा अर्थ रोमच्या छायेखाली मुलींची लग्ने त्यांना विचारून होत असत असा कोणी घेऊ नये. कायदा पुस्तकात होता आणि बाप घरात होता.

धाकाबद्दलचे कलम ११०३ वे आहे. जबरदस्तीने किंवा बाहेरून घातलेल्या मोठ्या भीतीमुळे, सुटकेचा दुसरा मार्ग नाही म्हणून केलेला विवाह अवैध. त्यात पुढे एक शेपूट आहे, भीती जाणूनबुजून घातलेली नसली तरीही. आणि कॅनन पंडितांनी या भीतीचा एक खास प्रकार ओळखला आहे. आदरापोटीची भीती. कोणी मारलेले नसते, कोंडलेले नसते. वडिलांनी अन्न सोडलेले असते. आई म्हणते, तू नाही म्हणालीस तर माझे तोंड दिसणार नाही. धाकट्या बहिणींची लग्ने अडतील असे मावशी दहा वेळा सांगते. आजोबांनी मरायच्या आधी शब्द दिलेला असतो. मुलगी वेदीसमोर हो म्हणते, आवाज स्वच्छ असतो, फोटोत हसतेही. नुसता आईबापांचा मान राखला म्हणून विवाह अवैध होत नाही, ती भीती खरोखर मोठी होती आणि दुसरी वाट उरली नव्हती, हे सिद्ध व्हावे लागते. पण असा दावा ऐकला जातो, साक्षीला आई आणि मावशीच बोलावल्या जातात आणि आई न्यायाधीशासमोर शपथेवर सांगते की होय, मी तसे म्हणाले होते. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. आपल्या घराघरांत जे प्रेमाच्या नावाने चालते त्याला एका कायद्याने भीती म्हटले आहे.

आमच्याकडेही असे कलम आहे, वकिलांना ते आठवेल. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार बळजबरीने किंवा फसवून मिळवलेल्या संमतीचा विवाह रद्द करता येतो. पण बळजोरी संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज यायला हवा आणि त्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिलेले चालत नाही. एक वर्ष! नव्या घरात स्वयंपाकघरातले डबे कुठे ठेवतात हे कळायला एक वर्ष लागते. चर्चच्या कायद्यात अशी मुदतच नाही. वीस वर्षांनी, मुले कॉलेजात गेल्यावरही विचारता येते की त्या दिवशी मी खरोखर हो म्हटले होते का. कोणी म्हणेल, हे दुरुपयोगाला आवतण आहे. असेलही. पण खरे सांगायला माणसाला कधी कधी वीस वर्षे लागतात, हे मी चेंबरमध्ये पाहिले आहे.

संमती आणखी कशाने पोकळ ठरते, ते थोडक्यात सांगतो. लग्नाचे मोठे वास्तव लपवून, समोरच्याला राजी करण्यासाठी केलेली फसवणूक. वंध्यत्व हा स्वतः अडथळा नाही, पण ते ठाऊक असून लपवले असेल तर आहे. तोंडाने हो म्हणताना मनात मुले होऊच द्यायची नाहीत किंवा जमले नाही तर सोडून द्यायचे असा पक्का निश्चय असणे. आणि १०९५ वे कलम, ज्यावर जगभर सर्वांत जास्त खटले चालतात. लग्न म्हणजे काय हे तोलण्याची कुवतच नसणे, किंवा मानसिक कारणाने त्याची मूळ कर्तव्ये पेलता न येणे. व्यसन, संशयाचा विकार, तीव्र अपरिपक्वता अशी प्रकरणे इथे येतात आणि मानसोपचारतज्ज्ञाचे मत घेतले जाते. फिलिपिन्स हा कॅथलिकबहुल देश, तिथे बहुसंख्यांना घटस्फोट उपलब्ध नाही. त्यांनी हेच कलम उचलून १९८७ च्या आपल्या सरकारी कुटुंब कायद्यात घातले.

मग अडथळे. दोघांची संमती शुद्ध आहे, पण कायदाच म्हणतो की तुम्ही एकमेकांशी लग्न करू शकत नाही. वय, आधीचा विवाह, धर्मगुरूची दीक्षा, नपुंसकत्व असे ते आहेत. बाकीचे सोडून देतो, पण एक आपल्या मातीतला आहे. मामाची मुलगी. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत मामेबहिणीवर आतेभावाचा पहिला हक्क समजला जातो आणि धर्म बदलला तरी मामा बदलत नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेपूर्वी चर्चने सातव्या पिढीपर्यंतच्या नात्यात लग्न मना केले होते. त्या परिषदेने ते चौथ्यावर आणले, १९१७ च्या संहितेने आणखी खाली आणले आणि आता चुलत, मावस, मामे, आते अशा सख्ख्या भावंडांच्या मुलांपर्यंतच बंदी उरली आहे. तीसुद्धा बिशपांच्या परवानगीने उठते. परवानगी न घेता झालेला मामेबहिणीशी विवाह मात्र अवैध. पन्नास माणसे जेवली, फादरांनी लावला, नोंद झाली, तरीही अवैध. म्हणून फादर घराण्याची इतकी चौकशी करतात, आणि म्हणून तीन रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, नावे पुकारली जातात, कोणाला काही ठाऊक असेल तर सांगावे.

आता एक गंमत सांगतो, आणि ती कॅथलिक श्रोत्यांना फारशी आवडणार नाही. विवाहाला विधी लागतो. अधिकार असलेला धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. हा नियम १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने केला, कारण त्याआधी युरोपात चोरून लग्ने होत आणि नंतर पुरुष नाकबूल होत. कॅथलिक माणसाने या विधीशिवाय आणि बिशपांची सूट न घेता केलेले लग्न चर्चच्या लेखी लग्नच नाही. म्हणजे एखादा कॅथलिक तरुण फादरांचे न ऐकता उठून नोंदणी कार्यालयात गेला, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले, पुढे सरकारी घटस्फोट घेतला, तर त्याला चर्चमध्ये दुसरे लग्न करायला खटला लढवावा लागत नाही. चार कागद दाखवले की काम होते. आणि त्याची बहीण, जिने सगळे नियम पाळून वेदीसमोर लग्न केले आणि नवऱ्याने टाकली, ती चर्चच्या न्यायालयात वर्षे घालवते. कायद्याचे तर्कशास्त्र यात चोख आहे. आज्ञाधारकांच्या वाट्याला आलेली ही शिक्षा मला मात्र न्याय वाटत नाही, आणि चर्चमधल्या जाणत्यांनाही ती खुपते.

नाशिकचे या कायद्याच्या एका कोपऱ्याशी विशेष नाते आहे. शरणपूर आपण सगळे ओळखतो. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेले ते गाव. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले-मुली तिथे आणली गेली. तिथेच शिकलेला जेकब वेनराइट पुढे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन येणाऱ्यांत होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही. शरणपूर प्रॉटेस्टंट होते, रोमचा कायदा तिथे लागू नव्हता. शिवाय आणलेली बहुतेक लहान होती. पण विचार करा, एखाद्या मोठ्या माणसाला मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पकडून आणले, त्याची बायको तिकडे राहिली किंवा दुसऱ्याला विकली गेली. तो ख्रिस्ती झाला. त्याने पुन्हा लग्न करावे का? पहिला विवाह वैध आहे. बायकोला विचारायला हवे आणि विचारणार कसे?

हा प्रश्न रोमला जवळजवळ तीनशे वर्षे आधी पडला होता. १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी फर्मान काढले. अंगोला, इथिओपिया, ब्राझील ही नावे त्यात आहेत. गुलामीने ताटातूट झालेल्या आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांना, मागे राहिलेल्या जोडीदाराला विचारणे शक्य नसेल तर दुसरे लग्न करण्याची मुभा द्यावी, असे ते फर्मान. गुलामांचा व्यापार करणारे पोर्तुगीज कॅथलिकच होते, हे विसरायचे नाही. माणसे विकू नका असे ठणकावून सांगण्यापेक्षा विकलेल्यांची लग्ने सोडवणे सोपे होते. तरी ते फर्मान आज संहितेचे ११४९ वे कलम म्हणून जिवंत आहे. कैद किंवा छळामुळे ज्याचा संसार पुन्हा उभा राहू शकत नाही अशा नवख्रिस्ती माणसासाठी.

त्याचा मोठा भाऊ म्हणजे पौलाची सवलत. नव्या करारात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल सांगतात की दोघे बिगरख्रिस्ती असताना लग्न झाले, एक ख्रिस्ती झाला आणि दुसरा त्यामुळे सोडून गेला, तर ख्रिस्ती झालेला बांधलेला नाही. त्यावरून कायदा झाला. सोडून जाणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारायचे. तुला स्नानसंस्कार घ्यायचा आहे का? नसेल तर निदान शांतपणे एकत्र राहशील का? दोन्हींचे उत्तर नाही असे आले तर नव्या विवाहाने जुना सुटतो. ब्रिटिश सरकारने १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला त्यात याच विचाराची छाया दिसते. सहा महिने नांदायला नकार मिळाला तर धर्मांतरिताने कोर्टात यावे, न्यायाधीशाने दुसऱ्या पक्षाला भेटून विचारावे आणि वर्षभर थांबावे.

आणि इथे मला जलालपूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. गंगापूर रस्त्याने जाणाऱ्यांना ते गोदाकाठचे गाव ठाऊक आहे. लक्ष्मीबाई टिळक तिथल्या. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा कायदेशीर मार्ग मोकळा होता. बायको नांदायला येत नाही म्हणून ते कोर्टात जाऊ शकत होते. गेले नाहीत. काही वर्षे दोघे वेगळे राहिले, मग लक्ष्मीबाई हिंदू राहूनच त्यांच्याकडे नगरला राहायला गेल्या, आपली चूल वेगळी ठेवून. १९०० मध्ये स्वतःच्या मनाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सगळे पाठ असते. मला त्यात कायद्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिसते. शांतपणे एकत्र राहशील का? वेगळ्या चुलीवर, सोवळ्या-ओवळ्याची भांडणे करत, पण राहीन. असे उत्तर कायद्याच्या नमुन्यात बसत नाही, पौलाच्या पत्रात मात्र बसते. टिळक कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते, हे मला ठाऊक आहे. उदाहरण आपल्या गावचे आहे म्हणून घेतले.

आपल्या पंचवटीच्या मुलीकडे परत येतो. तिचा विवाह दोन स्नानसंस्कार न झालेल्यांचा आहे, म्हणजे वैध असला तरी कॅथलिक अर्थाने संस्कार नव्हे. असा विवाह श्रद्धेच्या हितासाठी पोप मोडू शकतात. कागद बिशपांमार्फत रोमला जातात. किंवा तिचा पहिला विवाह मुळात अवैध होता का हे चर्चच्या न्यायालयात तपासता येते. दोन स्नानसंस्कारितांचा, शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह मात्र कोणीच मोडू शकत नाही, पोपसुद्धा नाही. दोन प्रॉटेस्टंटांचा विवाहही त्यातच मोडतो, हे नगर-श्रीरामपूरकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावे, कारण तिथे एकाच घरात दोन पंथ नांदतात.

चर्चचे न्यायालय चालते कसे? आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना सांगून अर्ज तयार होतो. तो धर्मप्रांताच्या न्यायविषयक प्रमुखांकडे जातो. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. समोरच्या पक्षाला नोटीस जाते. त्याची परवानगी लागत नाही, पण त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. साक्षी एकेकट्याच्या, बंद दाराआड, लेखी. उलटतपासणीचा आमच्यासारखा तमाशा नाही. आणि एक अधिकारी असा असतो की त्याचे काम फक्त विवाहाची बाजू मांडणे. विवाहबंधनाचा रक्षक. १७४१ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी हे पद निर्माण केले, कारण त्या काळी काही ठिकाणी विवाह रद्द करणे फारच स्वस्त झाले होते. त्यांनीच नियम केला की एका निकालाने भागणार नाही, वरच्या न्यायालयाचाही तसाच निकाल हवा. तो नियम २७४ वर्षे टिकला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो काढून टाकला. आता एक अनुकूल निकाल पुरतो, त्यावर अपील झाले नाही तर. पुरावा उघड असेल आणि दोघे राजी असतील तर बिशप स्वतः छोट्या पद्धतीने निर्णय देऊ शकतात. खर्च शक्यतो पक्षकारांवर पडू नये असेही सांगितले आहे. आणि एक भीती आत्ताच काढून टाकतो. विवाह अवैध ठरला म्हणून मुले अनौरस ठरत नाहीत. कायदा तसे स्पष्ट सांगतो.

मग सरकारी कायदा. ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरत असे, बायकोला मात्र व्यभिचार आणि वर क्रूरता किंवा त्याग असे जोडीने सिद्ध करावे लागे. शिवाय जिल्हा न्यायालयाचा हुकूम उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय काही अर्थ नाही. श्रीरामपूरच्या शेतमजूर बाईला मुंबई गाठायला लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यातला अन्याय्य भाग घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. क्रूरता, त्याग ही स्वतंत्र कारणे झाली, परस्परसंमतीचा घटस्फोट आला. तरी हिंदूंना एक वर्ष वेगळे राहिले की पुरते, ख्रिस्त्यांसाठी कायद्यात दोन वर्षे लिहिली गेली. का, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही.

या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत माणसे पडतात. केरळच्या एका प्रकरणात चर्चच्या न्यायालयाने पहिला विवाह सोडवला, बाईने दुसरे लग्न केले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चर्चच्या निर्णयाला कायद्यात किंमत नाही, दिवाणी न्यायालयाने पहिला विवाह मोडलेला नाही, म्हणून दुसरा रद्दबातल. चर्चच्या निकालांना सरकारी मान्यता द्या अशी जनहित याचिका कर्नाटकातून आली, तीही २०१७ मध्ये फेटाळली गेली. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे १९४० च्या पोर्तुगाल-व्हॅटिकन करारातून आणि १९४६ च्या हुकमातून चर्च न्यायालयाच्या निर्णयाला नागरी व्यवस्थेत वाट मिळाली होती. मला स्वतःला गोव्याची वाट नको वाटते. ज्या न्यायाधीशांना लोकांनी नेमले नाही, ज्यांच्यावर आपले अपील चालत नाही, त्यांच्या हातात पोटगी आणि वारसा देऊ नये. पण याचा परिणाम म्हणून इथल्या कॅथलिकाला दोन दारे ठोठावावी लागतात, आणि क्रम चुकला तर नव्या भारतीय न्याय संहितेचे ८२ वे कलम, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे ४९४, द्विभार्येचा गुन्हा, वाट पाहत असते. म्हणून जे माझ्याकडे येतात त्यांना मी सांगतो, आधी सरकारी हुकूम, मग चर्चचा, मग मांडव.

अडकलेल्यांपैकी एक मोठा गट मात्र कोणत्याच दारात जात नाही. नवऱ्याने टाकलेली बाई, सरकारी घटस्फोट झालेला आहे, पुन्हा लग्न केलेले नाही, आणि ती मिस्सेत मागच्या बाकावर बसते, कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायला, उठत नाही, कारण तिला कोणीतरी सांगितले आहे की घटस्फोटितांना मनाई आहे. ही मनाई अस्तित्वातच नाही. घटस्फोट झाला म्हणून कोणी चर्चबाहेर जात नाही. प्रश्न येतो तो पहिला विवाह चर्चच्या लेखी कायम असताना दुसरा संसार थाटला तर. तिथे १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितले की अशा जोडप्यांनी भावाबहिणीसारखे राहिल्याशिवाय कम्युनियन नाही. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम न बदलता प्रत्येक प्रकरण फादरांनी सोबत बसून तपासावे असे म्हटले आणि एका तळटीपेत काही बाबतींत संस्कारांची मदतही असू शकते असे सुचवले. त्या तळटीपेवर कार्डिनल भांडले, पुस्तके निघाली. वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो, मागच्या बाकावरच्या बाईला कोणीतरी या रविवारी खरे सांगायला हरकत नाही.

शेवटी एकच गोष्ट, आणि ती सभागृहात बसलेल्या फादरांना उद्देशून आहे. लग्नाआधी वधू आणि वर दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारायचे, शपथेवर उत्तरे घ्यायची, अशी चर्चची पद्धत आहे. त्यात एक प्रश्न असतो, तुम्ही स्वखुशीने येत आहात का? विवाह नोंदणी कार्यालयात हा प्रश्न इतक्या निवांतपणे कोणी विचारत नाही, भटजी तर नाहीच. इतका मौल्यवान प्रश्न विचारला कधी जातो? हॉल ठरलेला, पत्रिका वाटून झालेल्या, मुलीचे वडील ओसरीवर बसलेले, आणि फॉर्म भरायचा राहिलेला. त्यावर काय उत्तर येणार? वीस वर्षांनी न्यायालयाला जे शोधून काढायला इतके साक्षीपुरावे लागतात ते तेव्हा एका दुपारी कळू शकते. म्हणून माझी विनंती अशी, की हा प्रश्न साखरपुड्याच्या आधी विचारा. मुलीला एकटीला, शक्यतो एखाद्या सिस्टरबाईंच्या समोर, तिच्या बोलीत. आणि ती नाही म्हणाली, तर ते तिच्या वडिलांना जाऊन कोण सांगणार, हे तिला विचारण्याआधीच ठरवून ठेवा.